कोलोसस ट्युरिंगने बांधले नाही

दर दोन-तीन महिन्यांनी भारतातून कोणीतरी मला तोच मजकूर पाठवतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा ठरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग नावाच्या महान गणितज्ञाने कोलोसस नावाचा जगातला पहिला कॉम्प्युटर बनवला, त्याने जर्मनांचे एनिग्मा फोडले आणि युद्ध दोन वर्षे आधी संपले. खाली 'अभिमानाने पुढे पाठवा' अशी सूचना (कशाचा अभिमान, देव जाणे!). मी ब्लेचलीपासून वीसेक मिनिटांवर राहतो आणि पोटापाण्यासाठी टेलिफोनच्या धंद्यात इंजिनियरगिरी करतो, म्हणून हे सगळे माझ्याकडे येत असावे.

एवढ्याशा मजकुरात किती घोळ आहेत बघा. एनिग्माशी कोलोससचा काही संबंध नव्हता. एनिग्मासाठी 'बॉम्ब' नावाची वेगळी मशिन्स होती, आणि त्यांत ट्युरिंगचा वाटा खरोखरच मोठा होता. कोलोसस हे लॉरेन्झ नावाच्या दुसऱ्या, जास्त अवघड सांकेतिक यंत्रासाठी होते, ज्यावरून जर्मन सेनेचे अगदी वरचे अधिकारी एकमेकांशी बोलत. युद्ध दोन वर्षे आधी संपले हा आकडा मोजायला कोणाकडे दुसरे जग होते? तो मी सोडून देतो. आणि मुख्य म्हणजे कोलोसस ट्युरिंगने बांधले नाही, त्याची रचनाही त्याने केली नाही. ती केली टॉमी फ्लॉवर्स नावाच्या, ब्रिटिश पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या एका टेलिफोन इंजिनियरने.

तुम्ही म्हणाल, फॉरवर्ड मजकुरात चुका असणारच, त्यावर एवढे लिहायचे कशाला? तर मंडळी, चुका सगळीकडे विखुरलेल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. पण या विषयातली चूक दर वेळी एकाच बाजूला कलते. श्रेय घसरते ते नेहमी कागदावर विचार करणाऱ्याकडे, आणि निसटते ते हातात सोल्डरिंगची इस्त्री धरणाऱ्याच्या हातून. हा योगायोग नाही. ही आपली सवय आहे, इंग्रजांची आहे, अमेरिकनांची आहे आणि आपली तर जरा जास्तच आहे.

आता फ्लॉवर्सविषयी. जन्म २२ डिसेंबर १९०५, लंडनच्या पूर्व भागातल्या पॉप्लर या कामगार वस्तीत. वडील गवंडी. वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यात त्याने उमेदवारी केली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन लंडन विद्यापीठाची इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी मिळवली. १९२६ साली तो पोस्टखात्यात लागला. त्या काळी इंग्लंडमध्ये टेलिफोन पोस्टाकडेच असत, आपल्याकडच्या जुन्या टपाल-तार खात्यासारखेच. १९३० पासून तो उत्तर-पश्चिम लंडनमधल्या डॉलिस हिलच्या संशोधन केंद्रात होता. तिथे त्याच्या डोक्यात एक वेड शिरले: टेलिफोन एक्सचेंजमध्ये खडखडणारे रिले काढून त्यांच्या जागी व्हॉल्व्ह वापरायचे.

व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या आजोबांच्या मर्फी रेडिओत असायचे ते. बटण फिरवले की मिनिटभर तापायचे आणि मग बातम्या ऐकू यायच्या. काचेची नळी, आत निर्वात पोकळी आणि तापणारी तार. रिलेला चालू-बंद व्हायला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो, कारण त्यात लोखंडाची पट्टी खरोखर हलते. व्हॉल्व्हमध्ये हलतात ते इलेक्ट्रॉन, त्यामुळे तेच काम कितीतरी पटींनी वेगात होते. पण व्हॉल्व्हची कीर्ती वाईट होती. कधी उडतील नेम नाही. एका यंत्रात शे-दीडशे असले तरी लोक कपाळाला हात लावत. पाच-सहा व्हॉल्व्हचा रेडिओ वर्षातून एकदा दुरुस्तीला जातो, मग हजार व्हॉल्व्हचे यंत्र रोज बंद पडणार, असा साधा हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे हे फ्लॉवर्सला ठाऊक होते, आणि ते त्याला कोणत्या ग्रंथातून कळलेले नव्हते. युद्धाआधीच्या वर्षांत त्याने एक्सचेंजमधल्या जोडण्या नियंत्रित करणारी, तीन-चार हजार व्हॉल्व्हची यंत्रणा उभी केली होती. तिथे त्याला दिसले की व्हॉल्व्ह मरतात ते मुख्यतः चालू-बंद करताना. घरातला बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणी जातो, तसेच. तार गार-गरम, गार-गरम होत राहिली की थकते. एकदा चालू केले, जरा कमी दाबावर चालवले आणि परत कधीही बंद केले नाही, तर हेच व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतात. टेलिफोनचे जाळे कधी बंद होत नाही, म्हणून हे टेलिफोनवाल्याला दिसले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला दिसले नाही, आणि केंब्रिजच्या प्राध्यापकाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आता ब्लेचलीची अडचण समजून घेऊ. (ज्यांना तांत्रिक भागाचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण गाळू नका, गंमत इथेच आहे.) लॉरेन्झचे संदेश टेलिप्रिंटरचे असत. प्रत्येक अक्षर म्हणजे कागदी फितीवरची पाच ठिकाणे, कुठे भोक आहे, कुठे नाही. लॉरेन्झ यंत्रात बारा चाके होती आणि ती मूळ अक्षरात दुसरे एक अक्षर मिसळत. बिल टट नावाच्या तरुणाने ते यंत्र कधीही न पाहता, केवळ पकडलेल्या संदेशांवरून त्याची संपूर्ण रचना १९४२ च्या सुरुवातीला शोधून काढली. माझ्या मते ब्लेचलीतली सर्वांत थक्क करणारी बौद्धिक करामत हीच आहे, आणि टटचेही नाव कोणाला ठाऊक नसते! पुढे त्यानेच चाकांची सुरुवातीची स्थिती शोधण्याची संख्याशास्त्रीय पद्धत बसवली. त्यात पहिली दोन चाके घ्यायची. एकाला ४१ जागा, दुसऱ्याला ३१, म्हणजे १२७१ जोड्या. प्रत्येक जोडीसाठी अख्खा संदेश सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासायचा आणि मोजायचे. दहा हजार अक्षरांचा संदेश धरला तर सव्वा कोटीहून जास्त तुलना. हाताने हे होईपर्यंत युद्ध संपले असते.

मॅक्स न्यूमन या गणितज्ञाने ठरवले की हे काम यंत्राने करायचे. तो निर्णय त्याचा, त्याचे श्रेय त्यालाच. त्याच्यासाठी जे पहिले यंत्र बनले ते १९४३ च्या जूनमध्ये सुरू झाले. चमत्कारिक यंत्रांची चित्रे काढणाऱ्या व्यंगचित्रकाराच्या नावावरून त्याला लोक 'हीथ रॉबिन्सन' म्हणू लागले. त्यात दोन फिती गरागरा फिरत, एक संदेशाची आणि एक चाकांच्या नक्षीची. दोन्ही फिती सुयांसारख्या दातांनी ओढायच्या आणि एकाही भोकाचा फरक न पडता बरोबरीने पळवायच्या. कागद ताणायचा, भोके फाटायची, फिती मागेपुढे व्हायच्या. एकच संदेश दोनदा चालवला तर दोन वेगळी उत्तरे!

फ्लॉवर्सला त्या यंत्राच्या मदतीला बोलावले होते. ट्युरिंग त्याला आधीच्या एका कामामुळे ओळखत होता आणि न्यूमनकडे त्याचे नाव ट्युरिंगनेच सुचवले. (हा ट्युरिंगचा कोलोससमधला एक खरा वाटा, आणि तो लहान नाही. योग्य माणूस ओळखता येणे ही मोठीच गोष्ट आहे.) फ्लॉवर्सने अडचण पाहिली आणि दुरुस्ती सुचवण्याऐवजी प्रश्नच उलटा केला. दुसरी फीत हवीच कशाला? चाकांची नक्षी कागदावर ठेवण्याऐवजी व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये ठेवा. मग एकच फीत उरते आणि दोन फिती जुळवण्याचा प्रश्नच मिटतो. त्या एका फितीलाही दातांनी ओढायची गरज नाही. ती गुळगुळीत पुल्यांवरून हवी तशी पळू दे. फितीच्या मधोमध जी बारीक भोकांची रांग असते, ती प्रकाशाने वाचायची आणि प्रत्येक भोकाबरोबर सर्किटला एक टोला द्यायचा. फीत जरा हळू झाली तर सर्किटही तेवढेच हळू चालेल, वेगात गेली तर वेगात. आज प्रत्येक मोबाइलमध्ये जो घड्याळाचा ठोका असतो, ज्याच्या तालावर सगळी सर्किट्स चालतात, त्याचा हा पणजोबा समजा.

यासाठी व्हॉल्व्ह किती लागतील? सुमारे दीड हजार. १९४३ च्या फेब्रुवारीत त्याने हा आकडा सांगितला तेव्हा ब्लेचलीत कोणाचा विश्वास बसला नाही. असले यंत्र धड चालणार नाही, आणि बनेपर्यंत युद्ध संपलेले असेल असे त्यांचे मत. हीथ रॉबिन्सनवरच भर द्यायचे ठरले आणि फ्लॉवर्सला, तुला वाटत असेल तर तू कर बुवा, अशा थाटात मोकळे सोडले. तो डॉलिस हिलला परत गेला. त्याचा साहेब गॉर्डन रॅडली त्याच्या पाठीशी उभा राहिला. सिडनी ब्रॉडहर्स्ट, विल्यम चँडलर, पुढे ॲलन कूम्ब्स आणि तंत्रज्ञ, वायरमन अशी पन्नासेक माणसे कामाला लागली. फ्लॉवर्सने स्वतःच्या खिशातलेही पैसे घातले. अकरा महिन्यांत मशीन तयार!

१९४४ च्या जानेवारीत ते ट्रकमधून ब्लेचलीला आले आणि ५ फेब्रुवारीला त्याने पहिला खरा संदेश हाताळला. सुमारे १६०० व्हॉल्व्ह, सेकंदाला ५००० अक्षरे. एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावले तरी तेच उत्तर येते, याचेच तिथल्या लोकांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटले म्हणे. (फीत किती वेगाने पळवता येते हेही त्यांनी करून पाहिले होते. सेकंदाला ९७०० अक्षरांवर कागदाच्या चिंधड्या उडाल्या. व्हॉल्व्ह मात्र शाबूत. ज्याच्यावर कोणाचा भरवसा नव्हता तो भाग टिकला आणि ज्याविषयी कोणी शंका घेतली नव्हती तो कागद फाटला.)

लगेच आणखी मशिन्सची मागणी आली, तीही १ जूनच्या आत. दुसरे मशीन २४०० व्हॉल्व्हचे होते आणि एकाच वेळी पाच तुलना करत असे, म्हणजे वेग पाचपट. मघाचा सव्वा कोटीचा हिशेब पहिल्या कोलोससला पाऊण तासाच्या आसपास लागेल, दुसऱ्याला आठ-नऊ मिनिटे. ३१ मेच्या रात्री ते अजून नीट चालत नव्हते. बाकीचे थकून झोपायला गेले, चँडलर एकटा थांबला, काही व्हॉल्व्हमध्ये नको ती आंदोलने होत होती ती त्याने शोधून थांबवली, आणि १ जूनच्या सकाळी मशीन चालू झाले. नॉर्मंडीचे आक्रमण ६ जूनचे. युद्ध संपेपर्यंत अशी दहा मशिन्स ब्लेचलीत चालू होती.

मागे माझा मावसभाऊ सहकुटुंब आला होता. मुलगा पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यांना घेऊन ब्लेचलीला गेलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्लेचली पार्क आणि त्याच आवारातले संगणक संग्रहालय या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि दोन्हींची तिकिटे वेगळी. हवेली, तळे, ट्युरिंगची खोली हे पार्कात. कोलोसस मात्र दुसरीकडे, ब्लॉक एचमध्ये, युद्धात जिथे नववे कोलोसस होते त्याच जागी. मूळ मशीन नव्हे, टोनी सेल या इंजिनियरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौदा वर्षे खपून पुन्हा बांधलेले, २००७ पासून पूर्ण चालणारे. बरेचसे पाहुणे पार्क बघून, चहा पिऊन परत जातात. आम्ही गेलो. खोलीत शिरताच व्हॉल्व्हची ऊब जाणवते, फितीचा आवाज येतो. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "काका, म्हणजे आयडिया ट्युरिंगची आणि ह्यांनी फक्त बांधलं, असंच ना?"

या 'फक्त'वर माझा सगळा राग आहे. त्या मुलावर नाही. तो हुशार आहे, आणि जे त्याला शिकवले तेच तो बोलला.

कोणती आयडिया? ट्युरिंगचा १९३६ चा निबंध हा गणिताच्या पायाविषयीचा थोर निबंध आहे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, वेग नाही, विश्वासार्हता नाही. त्याला त्यांची गरजच नव्हती, त्याच्या यंत्राला अनंत लांबीची फीत आणि अनंत वेळ उपलब्ध होता. दुसरी फीत काढून टाकणे ही आयडिया नाही? फितीलाच घड्याळ करणे ही आयडिया नाही? हजारो अविश्वासू भागांतून एक विश्वासू यंत्र उभे करता येते, अट एवढीच की ते कधी बंद करायचे नाही, ही तर त्या दशकातल्या मोठ्या आयडियांपैकी एक होती आणि तीवाचून इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर झालाच नसता. फक्त ती समीकरणात लिहिलेली नव्हती म्हणून आपण तिला आयडिया म्हणत नाही, 'बांधकाम' म्हणतो. केवळ कागदावरच्या कल्पनेने कॉम्प्युटर होत असता तर तो चार्ल्स बॅबेजलाच झाला असता. त्याच्याकडे १८३० च्या दशकातच बहुतेक कल्पना तयार होत्या, आणि १८७१ साली तो गेला तेव्हा पुरे झालेले यंत्र एकही नव्हते.

दुसरा युक्तिवाद नेहमी येतो तो गुप्ततेचा. सगळेच गुप्त होते, त्याला कोण काय करणार? गुप्तता होती हे खरेच. युद्धानंतर दहापैकी आठ कोलोसस मोडून टाकली गेली, दोन हेरखात्याने ठेवली. फ्लॉवर्सला कागदपत्रे नष्ट करण्याचा हुकूम आला आणि त्याने ती आपल्या हाताने डॉलिस हिलच्या भट्टीत घातली. सरकारने हजार पौंड दिले. त्याने स्वतः घातलेले पैसेही त्यातून निघाले नाहीत, आणि त्यातलेही बरेच त्याने सहकाऱ्यांत वाटले. पुढची कित्येक वर्षे तो इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्सचेंजचा आग्रह धरत राहिला. 'एवढे व्हॉल्व्ह चालतील कशावरून?' असे कोणी विचारले तर 'मी चालवून दाखवलेत' हे एकमेव उत्तर त्याला कायद्याने बंद होते. (१९६२ साली पोस्टखात्याने हायगेट वूडला पूर्ण इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज करून पाहिले. ते फसले. हेही सांगायला हवे.)

पण गुप्तता ट्युरिंगच्या कामाचीही होतीच की! दोघांवरचा पडदा साधारण एकाच वेळी, १९७० च्या दशकात उठला. कोलोससची छायाचित्रे सरकारने १९७५ साली खुली केली, १९७६ साली ब्रायन रँडेल यांनी त्यावर निबंध वाचला, १९८३ साली फ्लॉवर्सने स्वतः रचनेवर लेख लिहिला. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे गेली. एकावर नाटके आली, २०१४ साली हॉलीवूडचा चित्रपट आला, २०२१ पासून तो पन्नास पौंडांच्या नोटेवर आहे. दुसऱ्याच्या नावाचा डॉलिस हिलच्या जुन्या केंद्राजवळ एक छोटासा रस्ता आहे, 'फ्लॉवर्स क्लोज'. वाचणाऱ्याला वाटणार, इथे कोणी फुलझाडे लावली असतील.

गैरसमज नको. ट्युरिंगवर त्याच्या देशाने केलेला अन्याय भयंकर होता. त्याबद्दल सरकारने २००९ साली मागितलेली माफी आणि २०१३ साली राणीने दिलेला क्षमादेश दोन्ही फार उशिरा आले. नोटेवर तो आहे याचा मला आनंदच आहे. माझे भांडण ट्युरिंगशी नाही, एकाच माणसाच्या खिशात सगळ्यांची कामे कोंबणाऱ्यांशी आहे. त्या चित्रपटात ट्युरिंग हातात वायरी घेऊन मशीन बांधताना दिसतो. प्रत्यक्षात 'बॉम्ब' मशिन्सची अभियांत्रिकी लेचवर्थच्या कारखान्यात हॅरोल्ड कीन या इंजिनियरने केली. चित्रपटात त्याचा पत्ता नाही. म्हणजे बघा, नायक मोठा करायचा तर त्याच्या हातात हत्यारे देतात, आणि ज्याच्या हातात खरोखर हत्यारे होती त्याला पडद्यावरूनच काढतात!

हा रोग फक्त इंग्रजांचा नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणारा प्रत्येक विद्यार्थी 'फॉन नॉयमन रचना' पाठ करतो. सूचना आणि माहिती एकाच स्मृतीत ठेवायच्या, ही ती रचना. फिलाडेल्फियात प्रेस्पर एकर्ट हा इंजिनियर आणि जॉन मॉक्ली हा भौतिकशास्त्रज्ञ एनियाक हे यंत्र बांधत होते, सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचे. काम सुरू झाले तेव्हा एकर्ट चोवीस वर्षांचा होता. व्हॉल्व्ह कमी दाबावर चालवले तर टिकतात, हे त्यानेही स्वतंत्रपणे ओळखले होते. पुढच्या यंत्राच्या चर्चा चालू झाल्यावर जॉन फॉन नॉयमन त्यांच्यात आला, आणि १९४५ च्या जूनमध्ये एक कच्चा अहवाल वाटला गेला, त्यावर नाव फक्त फॉन नॉयमनचे. चर्चेतल्या बाकीच्यांचे श्रेय आत कुठेच नाही. फॉन नॉयमनची बुद्धी अफाट होती आणि त्या मांडणीत त्याचा मोठा भाग होता, यात वाद नाही. पण एकर्ट आणि मॉक्ली आयुष्यभर हेच सांगत राहिले की ही कल्पना तो येण्याआधीपासून आमच्यात होती. लोकांनी नाव मात्र कागदावर होते तेच घेतले.

आता जरा घराकडे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली मूठभर तरुणांनी व्हॉल्व्हचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. प्रायोगिक मशीन १९५६ साली चालले, पूर्ण मशीन १९६० साली. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' असे नाव दिले. मी ओळखीच्या डझनभर मराठी इंजिनियरांना याबद्दल विचारून पाहिले आहे. होमी भाभा सगळ्यांना ठाऊक, नेहरू अर्थातच ठाऊक. नरसिंहन दोघांना ऐकून माहीत होते. बाकी, वायरिंग कोणी केले, स्मृतीची सर्किट्स कोणी चालती केली, मुंबईच्या दमट हवेत ती चालू कशी ठेवली, एकालाही सांगता आले नाही. म्हणजे फ्लॉवर्सला विसरणाऱ्या इंग्रजांना हसायला आपल्याला जागा नाही. त्यांनी निदान चौदा वर्षे खपून मशीन परत उभे केले.

आपल्याकडे हे जास्त होते याचे कारण सांगायला फार संशोधन नको. हाताने काम करणारा खालचा आणि बसून सांगणारा वरचा, हे आपण कित्येक शतके पाळत आलो आहोत. आज त्याचीच आवृत्ती आयटी कंपन्यांत दिसते. दोन वर्षे कोड लिहिला की मुलगा विचारतो, 'मॅनेजर कधी होणार?' टेस्टिंगला, हार्डवेअरला, देखभालीला टाकले तर घरी सांगायला लाजतो. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एका मोठ्या प्रकल्पाच्या समारंभात व्यासपीठावर सात माणसे होती. रात्री-अपरात्री एक्सचेंजमध्ये जाऊन दोष काढणारा आमचा एकही तंत्रज्ञ त्यांत नव्हता. कोणाला ते खटकलेही नाही.

टॉमी फ्लॉवर्स १९९८ साली, ९२ व्या वर्षी गेला. त्याआधी पाच वर्षे, १९९३ मध्ये, त्याने हेंडनच्या कॉलेजात जाऊन पर्सनल कॉम्प्युटरचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्याचे रीतसर प्रमाणपत्र घेतले.

टिफ्रॅकवर १९५५ ते ६० या काळात काम केलेली माणसे आज हयात असतील तर नव्वदीच्या आसपास किंवा पुढे असतील. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा, आजी, शेजारचे काका, निवृत्त सर त्या खोलीत असतील, तर पुढच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. मोठ्या लोकांच्या भेटींबद्दल विचारू नका, ते छापून आलेले असते. व्हॉल्व्ह कुठून आणत, किती दिवसांनी उडत, पावसाळ्यात काय होई, रात्री मशीन चालू ठेवायला कोण थांबे, ते विचारा. उत्तर लिहून काढा, तारखेसकट आणि नावासकट, आणि मला पाठवा. मी टाइप करून देतो.